घडी एकदाच बसवा: संस्थेच्या सगळ्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज आधीच कशा भरायच्या

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निलंग्याहून फोन आला. "सर, तारखा उलट्या यायल्यात बघा." पतसंस्थेची शाखा, मीच बसवलेला नवा कॉम्प्युटर, आणि मार्चअखेरची कामं अजून आवरायची होती. जाऊन बघितलं तर हप्त्यांच्या तक्त्यात एकाच रकान्यातल्या काही तारखा उजवीकडे सरकलेल्या, काही डावीकडे चिकटलेल्या. क्लार्कनं ५-४ म्हणजे पाच एप्रिल लिहिलं होतं, एक्सेलनं ते चार मे धरलं. १३-४ लिहिलं तर तेरावा महिना कुठून आणायचा, म्हणून ती तारीख त्यानं साधा मजकूर म्हणून ठेवून दिली. पहिल्या बारा दिवसांतली ४-४ तेवढी नशिबानं बरोबर होती.

कारण एवढंच की विंडोज बसवताना रीजन 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' राहून गेलं होतं. चूक माझी. क्लार्कच्या लॉगिनमध्ये ते बदललं आणि निघालो, तर कॅशियरच्या लॉगिनमध्ये तारखा तशाच. तिथंही बदललं. शाखाधिकारी त्या दिवशी मुख्य कार्यालयात गेले होते, त्यांचं लॉगिन राहिलं. परत येताना औशाजवळ चहाला थांबलो तेव्हा डोक्यात हिशोब चालू होता: आठ शाखा, २६ मशीन, प्रत्येक मशीनवर दोन-तीन जण. एक सेटिंग बदलायला साठ-सत्तर वेळा तेच बटण दाबायचं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला, तेव्हा बऱ्याच पतसंस्था, कॉलेजं आणि कारखान्यांच्या ऑफिसांनी एकदम मशीन बदलली. तुमच्याकडेही असा गठ्ठा आला असेल तर खोके फोडायच्या आधी हे वाचा. पुढचं सगळं विंडोज ११ प्रो धरून लिहिलंय.

आधी सेटिंगचा कप्पा ओळखा

भाड्यानं दिलेली खोली डोळ्यांसमोर आणा. भिंती सगळ्यांसाठी एकच, भाडेकरू कुणीही येवो. पंखा आणि ट्यूब मालक लावून देतो, पण भाडेकरूला नको असेल तर तो ट्यूब बदलू शकतो. आणि 'गच्चीवर जायचं नाही' ही मालकाची अट, तिथं भाडेकरूचं काही चालत नाही. विंडोजमध्ये सेटिंगचे हेच तीन कप्पे आहेत.

पहिला कप्पा मशीनचा: टाइम झोन, वीज वाचवण्याची योजना, सगळ्यांसाठी बसवलेले फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, हे 'लोकल मशीन' खाली राहतं. दुसरा कप्पा युजरचा: तारखेची पद्धत, कीबोर्ड, फाईल एक्सप्लोररच्या सवयी. हे 'करंट युजर' खाली असतं, म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं. तिसरा पॉलिसीचा, म्हणजे सक्तीचा.

गोंधळ बहुतेक वेळा दुसऱ्या कप्प्यात होतो. एखादा माणूस मशीनवर पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा सी ड्राइव्हच्या 'यूजर्स' फोल्डरात 'डिफॉल्ट' नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं, त्याची नक्कल करून विंडोज त्या माणसाचं घर, म्हणजे प्रोफाईल, तयार करतं. नक्कल एकदाच होते. त्यानंतर डिफॉल्टमध्ये तुम्ही सोन्याचे पत्रे ठोकले तरी जुन्या युजरला त्यातलं काही मिळत नाही. म्हणून ही कामं पहिल्या लॉगिनच्या आधीची.

एक दिवस शाखेत बसा

इमेज, म्हणजे एका तयार मशीनच्या डिस्कची सगळीकडे टाकायची नक्कल, बनवायच्या आधी एक दिवस काउंटरच्या आतल्या बाजूला बसून नुसतं बघा. माझी यादी घरी बसून पाच मुद्द्यांची झाली होती, उदगीरच्या शाखेत एक सकाळ काढली आणि ती सोळावर गेली.

तिथं कॅशियरजवळ दोन प्रिंटर: एक पासबुकाचा डॉट मॅट्रिक्स, एक साधा लेझर. मॅडम पत्र छापायला गेल्या की "पासबुकाची मशीन कागद मागायलीय" म्हणायच्या आणि रोज हातानं प्रिंटर निवडायच्या. विंडोजमध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' हा पर्याय चालू होता. तो चालू असला की शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं तोच पुढच्या वेळी डिफॉल्ट होतो. घरात एकच प्रिंटर असेल तर ठीक, दोन प्रिंटरच्या काउंटरवर हा पर्याय म्हणजे दिवसभराची कटकट. आणि हीसुद्धा युजरच्या कप्प्यातली सेटिंग, म्हणजे प्रत्येकाला वेगळी.

यादी लिहिताना प्रत्येक मुद्द्यापुढे म, यु किंवा स लिहा: मशीन, युजर, सक्ती. सक्ती जपून वापरा. वॉलपेपर बदलू न देण्यात संस्थेचं काय भलं होतं हे मला अजून कळलेलं नाही.

लायसन्स आणि आवृत्ती

खोक्यावर 'होम' लिहिलं असेल तर तिथंच थांबा. होम आवृत्ती डोमेनला, म्हणजे सगळी मशीन एका सर्व्हरवरून सांभाळायच्या व्यवस्थेला, जोडता येत नाही आणि तिच्यात ग्रुप पॉलिसीचा, म्हणजे सक्तीचे नियम लिहायचा, एडिटरही नाही. दुकानदार 'नंतर बघू' म्हणतात, ऐकू नका. दुसरं म्हणजे मशीनसोबत आलेल्या ओईएम लायसन्सवर आपली इमेज बनवून सगळीकडे टाकायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी त्याच उत्पादनाचं, त्याच आवृत्तीचं किमान एक व्हॉल्यूम लायसन्स (संस्थांसाठीचं) घ्यावं लागतं. ऑडिटला हे विचारतात, म्हणून बिलाची प्रत फाईलला लावून ठेवा.

नमुन्याचं मशीन

खऱ्या मशीनवर नमुना बनवू नका, व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेल्या कॉम्प्युटरवर, बनवा. हायपर-व्ही किंवा व्हर्च्युअलबॉक्स, दोन्ही चालतात. प्रत्येक टप्प्यावर स्नॅपशॉट घेता येतो, चुकलं तर मागं जाता येतं. आणि व्हर्च्युअल डिस्क मुद्दाम लहान ठेवा. पुढे क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामनं इमेज टाकणार असाल तर तो साधारणपणे मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठीच डिस्क मागतो.

विंडोज बसवा. देश निवडायचा पहिला पडदा आला की काही न निवडता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबा. मशीन पुन्हा चालू होऊन ऑडिट मोडमध्ये, थेट अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात उघडतं. 'सिसप्रेप'ची, म्हणजे इमेज काढण्यासाठी विंडोज तयार करणाऱ्या साधनाची, छोटी खिडकी समोर येईल, ती बंद करा. इथून शेवटपर्यंत नेट बंद ठेवा. नेट चालू असलं की स्टोअर स्वतःहून ॲप अपडेट करायला लागतं आणि शेवटी सिसप्रेप अडतं. डोमेनला जोडू नका, जादा खाती तयार करू नका. लागणारे प्रोग्राम मात्र इथंच बसवा: ऑफिस, ब्राउझर, पीडीएफ वाचक, संस्थेचं सॉफ्टवेअर.

मराठी, तारीख, रुपया

जुन्या कंट्रोल पॅनलमधलं 'रीजन' उघडा, 'इंग्लिश, इंडिया' निवडा. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी होते, आकडे लाख-कोटीच्या स्वल्पविरामानं पडतात, कागदाचा आकार लेटरऐवजी ए४ होतो. मग भाषांमध्ये मराठी जोडा. ज्यांनी टायपिंगची परीक्षा इनस्क्रिप्टवर दिली त्यांना मराठी कीबोर्ड लागतो, बाकीच्यांना मराठी फोनेटिक. दोन्ही ठेवा, विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून अदलाबदल होते. इंग्लिश इंडिया कीबोर्डवर उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतो. हे एकदा दाखवलं की क्लार्क 'आरएस' लिहायचं सोडतात.

आता निलंग्याला माझ्याकडून राहिलेली गोष्ट. रीजनच्याच खिडकीत 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबवर 'कॉपी सेटिंग्ज' बटण आहे. ते दाबलं की खाली दोन चौकटी येतात: एक स्वागत पडद्यासाठी आणि सिस्टिम खात्यांसाठी, दुसरी नव्या युजरसाठी. दोन्हींत खूण करा. दुसऱ्या चौकटीनं ही सेटिंग डिफॉल्ट फोल्डरात लिहिली जाते.

फॉन्टची भानगड वेगळी. विंडोज १० पासून 'मंगल' फॉन्ट मूळ साठ्यात नाही, तो देवनागरीच्या जादा फॉन्टच्या ऐच्छिक गठ्ठ्यात गेला. मराठी भाषा जोडली की तो नेटवरून आपोआप येतो. पण आपण नेट बंद ठेवलंय, म्हणजे तो येणार नाही आणि जुनी पत्रं भलत्याच फॉन्टमध्ये उघडतील. तेव्हा तो गठ्ठा इमेज बनवायच्या आधी 'ऑप्शनल फीचर्स'मधून घेऊन ठेवा, तेवढ्यापुरतं नेट चालू करा.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायली संस्थेत हमखास सापडतात. फॉन्ट नसेल तर त्या इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतात. तो फॉन्ट बसवताना डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हणू नका. तसं केलं तर तो फक्त चालू युजरला मिळतो. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' म्हणा. बघा, पुन्हा कप्प्याचाच प्रश्न.

लाईट

आपल्याकडं लाईट जाते आणि येतानाही एका दमात येत नाही, दोन-तीन झटके देते. लहान यूपीएस बहुतेक वेळा यूएसबी वायरनं मशीनला जोडलेला नसतो, म्हणजे बॅटरी संपत आली हे विंडोजला कळतच नाही.

मी स्लीप पूर्ण बंद करतो. काउंटरवरचं मशीन झोपलं की सर्व्हरशी जोडणी तुटते आणि अर्धवट नोंद लटकते. पडदा दहा मिनिटांनी बंद, उन्हाळ्यात तेवढीच उष्णता कमी. हायबरनेट 'पॉवरसीएफजी' आज्ञेनं बंद करतो, म्हणजे फास्ट स्टार्टअपही जातो. फास्ट स्टार्टअप चालू असला की 'शट डाउन' म्हटलं तरी मशीन पुरतं बंद होत नाही, सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. मग फोनवर 'बंद करून चालू करा' सांगून उपयोग काय?

वीज परत आल्यावर मशीननं आपोआप चालू व्हायचं की नाही हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ठरतं आणि इमेजमध्ये बायोस येत नाही. ते प्रत्येक मशीनवर जाऊन हातानं करावं लागतं. मी 'बंदच राहा' ठेवतो, झटके थांबले की माणूस चालू करेल.

अपडेटचं थोडक्यात. ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे अपडेटसाठी मशीननं स्वतःहून रीस्टार्ट न व्हायची वेळ, सकाळी आठ ते रात्री आठ ठेवा, जास्तीत जास्त १८ तासांपर्यंत ठेवता येतात. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये 'लोकल नेटवर्कवरची मशीन' निवडा, म्हणजे एका शाखेतली चार मशीन तेच अपडेट चारदा नेटवरून ओढणार नाहीत.

डिफॉल्ट प्रोफाईल भरायचे दोन रस्ते

पहिला रस्ता 'कॉपी प्रोफाईल'. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात सगळं मनासारखं करायचं आणि उत्तर-फाईलमध्ये, म्हणजे 'अनअटेंड' नावाच्या एक्सएमएल फाईलमध्ये, स्पेशलाइझ टप्प्यात शेल-सेटअप घटकाखाली 'कॉपी प्रोफाईल' ट्रू करायचं. फाईल लिहायला मायक्रोसॉफ्टच्या एडीके किटमधला सिस्टिम इमेज मॅनेजर वापरा. नोटपॅडमध्ये लिहून एक कंस चुकला की सगळी रात्र त्यातच जाते. या रस्त्याची अडचण अशी की तुम्ही चुकून उघडलेल्या, अर्धवट ठेवलेल्या गोष्टीही नकलेत येतात. स्टार्ट मेन्यू आणि टास्कबारवर लावलेल्या चिन्हांचा तर भरवसाच नाही, त्यांना वेगळी मांडणीची फाईल लागते.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: मोजक्या दहा-बारा सेटिंग्ज असतील तर त्या हातानं लिहायच्या. रजिस्ट्री एडिटर उघडा. 'एचकी यूजर्स'वर उभे राहून फाईल मेन्यूतून 'लोड हाइव्ह' म्हणा (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीचा फाईलमध्ये ठेवलेला एक भाग), डिफॉल्ट फोल्डरातली 'एनटीयूजर डॉट डॅट' निवडा आणि तिला 'नमुना' असं तात्पुरतं नाव द्या. आता या फांदीखाली जे लिहाल ते प्रत्येक नव्या युजरच्या वाट्याला जाईल. प्रिंटरचं उदाहरण घ्या: सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विंडोज या वाटेनं जाऊन 'लेगसी डिफॉल्ट प्रिंटर मोड' ही ड्वर्ड किंमत १ करा. उदगीरच्या मॅडमची कटकट संपली. तशीच एक्सप्लोररच्या 'ॲडव्हान्स्ड' फांदीत 'हाइड फाईल एक्स्ट' ० करा, म्हणजे बिलाच्या नावाखाली आलेल्या फाईलची शेपटी पीडीएफ आहे की ईएक्सई हे दिसतं.

काम झालं की त्याच फांदीवर येऊन 'अनलोड हाइव्ह' करा. हे विसरलात तर फाईल अडकून राहते आणि नव्या माणसाचं लॉगिन बिघडतं. 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर त्या फांदीच्या आतली एखादी कळ उघडी आहे, वर येऊन पुन्हा करा.

कोणती फाईल कशात उघडायची ती यादी या दोन्ही रस्त्यांनी येत नाही. ती नमुन्याच्या मशीनवर ठरवून डिझम आज्ञेनं निर्यात करा आणि त्याच आज्ञेनं इमेजमध्ये आयात करा. तीही नव्या युजरनाच लागू होते.

सक्ती

डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसी सर्व्हरवरूनच येईल. मशीनवर ती दर ९० मिनिटांनी, शिवाय वरती ३० मिनिटांपर्यंतचा फरक धरून ताजी होते. डोमेन नसेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक पतसंस्थांत नसतंच, तर लोकल पॉलिसी आहे. एका मशीनवर ती बसवा आणि मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी कम्प्लायन्स टूलकिटमधलं 'एलजीपीओ' वापरून तिची प्रत काढा. तीच प्रत पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर भरता येते. आधीच शाखांत गेलेल्या मशीनसाठी हा एकच रस्ता बरा.

ब्राउझरमध्ये सक्तीशिवाय आणखी एक पायरी आहे. क्रोमच्या पॉलिसीत 'रेकमेंडेड' अशी वेगळी फांदी असते. तिथं मुखपृष्ठ म्हणून संस्थेचं पोर्टल लिहिलं तर सुरुवातीला तेच उघडतं, पण ज्याला नको त्याला बदलता येतं. पासवर्ड साठवू न देणं मात्र सक्तीच्या फांदीत ठेवा. काउंटरवर तिघे बसतात.

सिसप्रेप आणि पुढचं

डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर बंद आहे ना ते बघा, चालू असलं तर सिसप्रेप सरळ नकार देतं. स्नॅपशॉट घ्या. मग सिसप्रेपला जनरलाइज (मशीनची स्वतःची ओळख पुसणं), ओओबीई (पुढच्या बूटला सुरुवातीचे प्रश्न), शटडाउन आणि अनअटेंड फाईलचा पत्ता असे चार स्विच देऊन चालवा. उत्तर-फाईलच्या ओओबीई टप्प्यात भाषा आणि कीबोर्ड पुन्हा लिहा, नाहीतर पहिल्या बूटला कुणीतरी घाईत अमेरिका निवडतं आणि तुमची मेहनत वाया.

सिसप्रेप अडलं तर विंडोजच्या सिस्टिम ३२ मधल्या सिसप्रेप फोल्डरात 'पँथर' नावाचं फोल्डर आहे, त्यातला 'सेटअप ॲक्ट' लॉग शेवटून वाचा. दहापैकी आठ वेळा एखादं स्टोअर ॲप एकाच युजरला बसलेलं असतं आणि सगळ्यांसाठी नसतं. लॉगमध्ये त्याचं नाव असतं, पॉवरशेलनं ते काढा आणि पुन्हा चालवा. 'जनरलाइज'ला फाटा देऊन थेट डिस्कची नक्कल मारणारे बरेच आहेत. मशीन चालतात, पण सगळ्यांची अपडेटची ओळख एकच होते आणि अपडेट सर्व्हरवर दहाऐवजी एकच मशीन दिसतं.

बंद झालेल्या मशीनची इमेज क्लोनझिलानं काढा. त्याआधी ते मशीन विंडोजमध्ये पुन्हा चालू करू नका, केलं तर ते नमुन्याचं राहत नाही. नव्या मॉडेलच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर सोबत ठेवा. शाखेत जाऊन नेटच नाही आणि ड्रायव्हर नेटवर, ही वेळ माझ्यावर आलीय.

मशीनचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा: शाखेची तीन अक्षरं, मग आकडा. उत्तर-फाईलमध्ये ॲडमिनचा पासवर्ड लिहिला असेल तर बूट झाल्यावर विंडोजच्या पँथर फोल्डरातली तिची प्रत पुसा. त्यात पासवर्ड झाकलेला दिसतो, पण तो उघडायला काही लागत नाही.

तपासणी

ज्या खात्यात सगळं बसवलं त्याच खात्यात तपासलं तर सगळं बरोबरच दिसणार. चाचणीसाठी नवीन खातं करा, त्यात लॉगिन करा आणि यादीतले सोळाच्या सोळा मुद्दे एकेक करून बघा. एक्सेलमध्ये १३-४ लिहा, उजवीकडे सरकलं तर तारीख आहे. जुनं पत्र उघडा. दोन्ही प्रिंटरवर एकेक पान काढा. चाचणीचं खातं काढताना 'यूजर्स'मधलं फोल्डर नुसतं डिलीट करू नका. सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड खिडकीतल्या 'युजर प्रोफाईल्स'मधून काढा, नाहीतर रजिस्ट्रीत त्याची नोंद राहते आणि पुढच्या वेळी तो माणूस तात्पुरत्या प्रोफाईलमध्ये उघडतो.

आधी एका शाखेत दोन मशीन ठेवा आणि आठवडाभर थांबा. मी मुरुडला ठेवली होती. तिथल्या क्लार्कनं तिसऱ्या दिवशी सांगितलं की वर्डचं कोरं पान अजून लेटर आकाराचंच उघडतंय. वर्डचा मूळ साचा नमुन्यात आधीच तयार झाला होता, रीजन बदलायच्या आधी. ए४ करून तो साचा डिफॉल्ट फोल्डरातल्या रोमिंगमध्ये टाकला आणि इमेज पुन्हा काढली. इमेजच्या नावात वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवा, म्हणजे फोल्डरात ती आपोआप क्रमानं लागतात.

राहिली निलंग्याची ती तिसरी खोली. शाखाधिकाऱ्यांचं प्रोफाईल आधीच तयार झालेलं, डिफॉल्टमधलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. पुढच्या सोमवारी गेलो, त्यांच्याच खुर्चीत बसून रीजन बदललं. "मला वाटलं कॉम्प्युटरमधे तारीख अशीच लिहितात," ते म्हणाले. तीन आठवडे ते महिना आधी लिहून काम भागवत होते.